अकरा नंबरचा पोर्ट

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे, त्यात मी खोटं कशाला सांगू?

साल १९९८. तळोज्याचा एक केमिकल कारखाना. रात्र वगैरे नव्हती. डिसेंबरातली लख्ख दुपार होती.

तिथलं नेटवर्क मी सांभाळायचो. कमळाकरदादा मागच्या गोदामात स्टोअरकीपर. पनवेलला एकाच घरात राहायचो आम्ही.

दादा म्हणायचा, "अरे, कॉम्प्युटर चालू केला की सर्व्हर सापडत नाही म्हणतो. दोनदा चालू करावा लागतो."

कारण मला माहीत होतं. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीत येतात, तो आमचा नवा स्विच. त्याचा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची खाच, जोडणी झाली की अर्धा मिनिट थांबायचा. वायर फिरून परत स्विचलाच आली नाही ना, ते बघायचा. तोवर कॉम्प्युटर कंटाळून नाद सोडायचा. पण जिथे एकच कॉम्प्युटर लावलाय, तिथे थांबायची गरज नसते. तशी सेटिंग असते. एका ओळीचं काम.

"उद्या करतो, दादा."

असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी चारच्या सुमारास लाइट गेली आणि आली. गोदामातला फोन बंद होता. दादाच्या छातीत कळ आली. ऑफिसला निरोप धाडायला तो कॉम्प्युटरकडे वळला...

दुसऱ्यांदा चालू करायला त्याला वेळच मिळाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा डोकं टेबलावर होतं. समोर स्क्रीनवर एकच ओळ. सर्व्हर सापडला नाही.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. आधी ती सेटिंग केली. दादाचा, अकरा नंबरचा पोर्ट. आता काय उपयोग? कॉम्प्युटर हलवला होता. वायरही मीच काढली.

चार वाजले.

अकरा नंबरचा दिवा लागला... नारिंगी.

वायर नसताना.

सेटिंग केली होती, थांबायला नको होतं. तरी थांबला. मी मोजत होतो. अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.

हिरवा झाला.

माझ्या स्क्रीनवर निरोप उमटला. दादाच्या नावाने.

"बाळ्या, आता लागलं बघ."

मी गोदामाकडे धावलो. काशिराम वॉचमनने कुलूप काढलं.

"साहेब, आत कोनी नाय."

खरंच नव्हतं. परत आलो तर दिवा विझलेला. निरोपही गेलेला.

घरी कुमुदवहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी काही म्हणाले?"

"हो," मी म्हणालो. "काळजी घे म्हणाला."

वहिनी अजून ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते...

मी उठून बाहेर जातो.