चुकलेल्या घंटेचा रविवार

ब्रांदुर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या डोक्यावर शाम्पूचा फेस होता. वरून पाऊस, तोही आमच्या फेरो बेटांवरचा... आडवा, थेट कानात शिरणारा. रविवारची सकाळ, आणि चर्चची घंटा वाजत होती. एक ठोका. मग लांबलचक शांतता. मग दुसरा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, अशी घंटा फक्त कोणी गेलं की वाजते.

“अगं बाई, तुम्मासआजोबा गेले!” मी ओरडले आणि तशीच धावत सुटले.

दुसरं कोण जाणार? तुम्मासआजोबा आमच्या चर्चचे वाचक. पाळकसाहेबांकडे सहा गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला ते दीड महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार आजोबांचे. घंटा वाजवायची त्यांनी, गीत उचलायचं त्यांनी, छापील उपदेश वाचायचाही त्यांनीच. आणि आम्ही? आम्ही बाकावर बसून त्यांच्या चुका काढायचो. त्यात माझा पहिला नंबर. आता दम्यानं ते घरी बसले होते आणि चर्चला कुलूप लागलं होतं.

चर्चच्या दारात अख्खं गाव गोळा झालं होतं. बर्गल्योतकाकूंनी तर रुमाल काढून रडायलाही सुरुवात केली होती. आत घंटेच्या दोराशी एक अनोळखी तरुण मन लावून ठोके देत होता. भिजलेला निळा स्वेटर, कपाळावर चिकटलेले केस, आणि डोळे... बरं, डोळ्यांचं नंतर सांगते.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत, पायात घरातल्या सपाता, असे साक्षात तुम्मासआजोबाच आले.

“कोण गेलं रे?”

सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले.

“अरे, सांगा की! माझ्या ओळखीतलं होतं का?”

त्या तरुणानं घाबरून दोर सोडला. “कोणी... गेलंय?”

“तुम्हीच तर सांगताय गावभर!” मी तडकले.

“मी? मी तर उपासनेची घंटा वाजवत होतो. आज रविवार ना?”

“उपासनेची घंटा अशी वाजवतात? रडत रडत?”

“दोर भिजला होता हो... जड गेला.” त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे बर्फ पडला वाटतं?”

माझे कान लाल झाले. हा समुद्रातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला आलेला नवा माणूस, ब्रांदुर. किल्ली त्यानं खिडकीच्या वरून स्वतःच शोधून काढली होती म्हणे.

“मंडळी जमलीच आहेत, तर करू या ना उपासना,” तो म्हणाला.

“वाचणार कोण?” मी विचारलं. “कोणीतरी मिळेल पुढच्या रविवारपर्यंत.”

“हा कोणीतरी राहतो कुठे? आल्यापासून ऐकतोय. कुलूप कोण उघडणार... कोणीतरी. गीत कोण उचलणार... कोणीतरी. फार कामाचा माणूस दिसतोय. भेटवा की एकदा!”

सगळं गाव आपापले बूट बघायला लागलं. आजोबा बाकावर टेकले. दम घेत म्हणाले, “पाळकसाहेबांचा निरोप आलाय. गावातून कोणी उभं राहिलं नाही, तर ईस्टरनंतर ते येतील त्याच रविवारी दार उघडायचं. एरवी बंद. माझं काय, मी तर आज तुमच्या लेखी मेलोच. पण हे दार बंद झालेलं बघायला लावू नका रे.”

ब्रांदुर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मी गावासमोर जिवंत माणूस मारलाय. तुम्ही याहून मोठी चूक करूच शकणार नाही... वाचता?”

आता डोळ्यांचं सांगते. ते हसत होते, पण मला नाही. दुसऱ्याला हसणारे डोळे मला कळतात, कारण मी स्वतः तेच करत आले होते. हे वेगळे होते. आणि मी गेले, वाचकाच्या चौथऱ्यावर, फेसासकट!

उपदेशात एक कोळी होता. त्यानं वादळात होडी घातली, आणि मी दोन पानं एकदम उलटली. कोळी थेट घरी बसून रश्शात पाव बुडवायला लागला.

“वादळ राहिलं, बाई, वादळ!” आजोबा ओरडले.

चर्च हसून हसून कोसळलं. मीही हसले. मग मागे जाऊन वादळ वाचलं, आणि माझा आवाज स्थिर झाला.

त्या दिवसापासून गावाची भीडच मोडली. बर्गल्योतकाकूंचा नवरा बेसूर गीत उचलू लागला, काकू आजारी माणसांच्या घरी उपासनेनंतर कॉफी घेऊन जाऊ लागल्या. शनिवारी संध्याकाळी मी रिकाम्या चर्चमध्ये वाचनाचा सराव करायची आणि ब्रांदुर आजोबांकडून घंटा शिकून झाली तरी तिथेच रेंगाळायचा.

“तुमचं काय काम आता?” मी विचारायची.

“मंडळी नको का कोणी? रिकाम्या बाकांना उपदेश करणार तुम्ही?”

“मग झोपता कशाला?”

“डोळे मिटून ऐकतो. उघडे ठेवले की... लक्ष उपदेशात राहत नाही.”

मार्चमध्ये पाळकसाहेब आले, सगळं नीट चाललेलं पाहून म्हणाले, “मी काय करू मग?” आजोबा म्हणाले, “तुम्ही आज आरामात बसा.” जाताना साहेबांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. दार दर रविवारी उघडं राहणार होतं. मी आनंदानं रडले.

आणि त्याच आठवड्यात कळलं, ब्रांदुरचं पिंजऱ्यांवरचं काम संपलं. सोमवारच्या बोटीनं तो दक्षिणेला, आपल्या बेटावर परत जाणार. तो काहीच बोलला नाही. फक्त हसायचा, दोर ओढायचा. मीही काही बोलले नाही. वाटायचं, त्याच्या मनातलं कोणीतरी मला सांगेल, माझ्या मनातलं कोणीतरी त्याला. रान्वा, मी स्वतःला म्हटलं, पुन्हा तेच?

रविवारी उपासनेच्या शेवटी मी नेहमीसारख्या गावच्या सूचना वाचायला घेतल्या. आमच्याकडे ठरलेली लग्नंही तिथेच पुकारतात, कोणाची हरकत आहे का ते विचारायला. मी श्वास घेतला.

“लग्न पुकारते आहे. दक्षिण बेटावरचा ब्रांदुर आणि... आणि या गावची रान्वा.”

बर्गल्योतकाकूंनी पुन्हा रुमाल काढला.

“मुलाला विचारलंस का गं?” आजोबा म्हणाले.

“विचारतेय ना, आत्ताच!” माझा आवाज चिरकला. “कोणाची हरकत असेल... तर त्यानं उभं राहावं.”

ब्रांदुर उभा राहिला.

“माझी हरकत आहे,” तो म्हणाला. “लग्न तीन रविवार पुकारावं लागतं म्हणे. इतकं कोण थांबणार? रान्वा, आजच तिन्ही वेळा वाचून टाक ना!”

टाक, म्हणाला. तुम्ही नाही, तू!

“नियम म्हणजे नियम!” आजोबांनी काठी आपटली. “तीन म्हणजे तीन!”

“बरं. मग थांबतो,” ब्रांदुर माझ्याकडे बघत म्हणाला. “तीन रविवार... आणि त्यापुढचे सगळे.”

पुढची सूचना मेंढ्या डोंगरावर नेण्याची होती. ती काही केल्या मला वाचता येईना.