आठांतले सहा बोल्ट

"चार कप्प्या, सत्तर फूट तारेचा दोर आणि हाताने फिरवायची एक विंच," तिने एका दमात सांगितलं.

हार्डवेअरवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "विहीर खणलीत की काय?"

"विहिरीला चार कप्प्या कशाला लागतील, काका?"

मागे कुणीतरी हसलं. तिने वळून पाहिलं. हातात ग्रीसचा डबा, खिशात पेन्सिल आणि टेस्टर, डोळ्यांत सरळसरळ चौकशी, असा एक उंच माणूस उभा होता.

"झोपाळा?" त्याने विचारलं.

"नाही."

"रंगाऱ्याचा पाळणा?"

"नाही."

"मग सांगूनच टाका. मी लिफ्ट बसवतो, माझं सगळं आयुष्य कप्प्यांवर चाललंय. चार कप्प्या घेऊन निघालेल्या माणसाला न विचारता जाऊ दिलं, तर आज जेवण जायचं नाही मला."

खरं तर अनोळखी माणसाला काही सांगायचं तिला कारण नव्हतं. पण तिचा स्वतःचा जन्म असल्या नसत्या चौकश्यांत गेला होता, आणि चौकस माणसाला दुसरा चौकस माणूस लांबून कळतो.

"जीपचा टप काढायचाय," ती म्हणाली. "घरच्या गॅरेजमध्ये. एकटीने."

त्याने ग्रीसचा डबा काउंटरवर ठेवला. त्याला कुठे जायची घाई असलीच, तर ती तिथेच संपली.

तिची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला एक जुनी जीप. पावसाळ्यात जीपला टप हवाच, नाहीतर सीटांचं तळं होई. एरवी मात्र तो नकोसा. त्याखाली माणसाएवढी रोपं वाकवून कोंबावी लागत आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत शेंडे मोडत. टप जाड फायबरचा, मागे काचेचं दार, वजन पन्नास किलोच्या खाली नाही. दर वर्षी चार शेजाऱ्यांच्या नाकदुऱ्या काढून तो उतरवला जाई. गेल्या वर्षी ऐन वेळी एकाचा फोन वाजला, त्याचा हात खिशात गेला, टपाचा कोपरा फुटला आणि बाबांची कंबर धरली. तेव्हापासून बाबांच्या कमरेला पट्टा होता आणि तिच्या डोक्यात एकच हट्ट — पुन्हा कुणाला हाक मारायची नाही.

"दोर टांगणार कशाला?" त्याने विचारलं.

"छताच्या गर्डरला."

"गर्डर किती जाड आहे?"

टपाची लांबी, रुंदी, जीपची उंची, सगळं मोजलं होतं. गर्डर मात्र तिने देवावर सोडला होता.

"बघावा लागेल," तो म्हणाला. डॉक्टर जीभ दाखवा म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

रविवारी तो आला. शिडीवर चढला, गर्डर हातोडीने ठोकून ऐकला, भिंतीत किती आत गेलाय ते पाहिलं, आणि खाली उतरून म्हणाला, "गर्डर चांगला आहे. जीपसुद्धा टांगता येईल."

बाबा वेताच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, "माणूस बरा दिसतो. हात धुऊन चहा पितो."

दुसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "टपाचा मध्य कुठे?"

तिने टेप लावून दाखवला.

"हा लांबीचा मध्य. तोलाचा मागे असणार, मागे काच आहे ना." त्याने कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि आडवा धरला. "एका टोकाखाली तुमचं बोट, दुसऱ्या टोकाखाली माझं. आता दोघांनी हळूहळू आत सरकायचं. डोळे मिटून सरकलात तरी चालेल."

तिने डोळे मिटले नाहीत. गंमत बघायची सोडून डोळे कोण मिटेल? तिचं बोट थोडं सरकलं आणि अडलं. मग त्याचं सरकलं, तेही अडलं. पुन्हा तिचं… पुन्हा त्याचं… झाडूच जणू एकेकाला पाळी देत होता. शेवटी झाडूच्या जड बाजूला दोघांची बोटं एकमेकांना टेकली, आणि झाडू त्या दोन बोटांवर हलका तरंगत राहिला.

"असं का होतं?" तिने विचारलं.

"ज्या बोटावर भार जास्त, ते अडतं. दुसरं सरकतं. सरकलं की भार त्याच्यावर येतो, मग ते अडतं. म्हणून कुठूनही निघा, भेट होते ती तोलाच्या जागीच."

कारण पटण्यासारखं होतं. तरी बोट काढून घ्यायचं तिला सुचलं नाही, आणि त्यालाही.

"हात काढला तर झाडू पडेल," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली.

"झाडणार असाल, तर माझ्या खुर्चीखालून सुरुवात करा," बाबा म्हणाले.

तिसऱ्या रविवारी चौकोनी पाइपची चौकट तयार झाली. टपाला ओरखडे पडू नयेत म्हणून तिने पाइपवर टायरची जुनी ट्यूब गुंडाळली. चार कोपऱ्यांतून चार दोर वर गेले, चार कप्प्यांवरून वळले आणि भिंतीवरच्या एका विंचच्या रिळावर आले. हँडल एकच, त्यामुळे चारही कोपरे एकदम उचलले जाणार. टपाऐवजी आधी मातीची पोती ठेवून पाहिली. टक टक टक करत पोती सरळ रेषेत छताकडे निघाली. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"झालं की. आजच टप काढू या," ती म्हणाली.

"दोर ताणून बसू दे जरा. पुढच्या रविवारी काढू." मग पान्याकडे बघत तो म्हणाला, "इथल्या नाक्यावरच्या इमारतीचं काम संपलं आमचं. आता पुढचं काम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढं झालं की… इकडे येणं व्हायचं नाही फारसं."

"हं," ती म्हणाली. याहून बरं काही तिला सुचलं नाही, आणि स्वतःवरचा राग तिला दोन दिवस पुरला.

मग ती त्या इमारतीत गेली आणि वॉचमनला विचारून आली, की लिफ्ट बसवायला किती दिवस लागले. आठ मजल्यांची लिफ्ट बारा दिवसांत. म्हणजे बारा दिवसांत आठ मजले चढणारा माणूस तिच्या गॅरेजमध्ये सात फूट चढायला चार रविवार घेत होता.

का?

कदाचित तो कामात काटेकोर असेल, घरगुती कामात तर दुप्पट. कदाचित कारण दुसरंच असेल. दोन्ही कारणं सारखीच चपखल बसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सरळ जाऊन विचारायची भीती वाटली. कारण तिला तो आवडला होता. त्याचं ऐकत राहणं, शिडीवरून खाली बघून हसणं, कुठलाही प्रश्न खुळा न मानणं, सगळंच आवडलं होतं. रविवारी टप निघाला की हे सगळं त्याच्यासोबत निघून जाणार, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

चौथ्या रविवारी त्यांनी बोल्ट काढायला घेतले. टपाला आठ बोल्ट, उजवीकडचे चार तिचे, डावीकडचे चार त्याचे. तीन तिने पटापट काढले. मागच्या कोपऱ्यातल्या चौथ्याला पाना लावला, आणि का कोण जाणे, न फिरवताच पाना काढून घेतला. चहा झाल्यावर काढू, तिने मनाशी म्हटलं. चहापर्यंत बोलायचं धाडस आलं तर आलं.

"तुमचे झाले?" त्याने पलीकडून विचारलं.

"झाले. तुमचे?"

"झाले."

ती चहा टाकायला आत गेली आणि तो हात धुवायला. बाबा खुर्चीत एकटेच राहिले. चार रविवार ते हे प्रकरण बघत होते आणि आता त्यांचा धीर सुटला होता. हँडल फिरवायला काय परीक्षा द्यावी लागते? ते उठले, पट्टा आवळला आणि हँडल धरलं.

टक टक टक… आणि मग करकर आवाज.

दोघं धावत आले. दोर तटतटून ताणले होते. टप सुटायच्या ऐवजी अख्खी जीपच वर ओढली जात होती, पुढचा डावा आणि मागचा उजवा खांदा उचलून, अंग चोरल्यासारखी.

"बाबा, थांबा. आहे तसं राहू द्या," तो शांतपणे म्हणाला.

मग कुठे काय अडलंय हे न बघता तो सरळ पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. तीही न बघता मागच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. दोघांनी पाना उचलला आणि दोघं थबकली. जीपच्या काचांतून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथे काय आहे?" त्याने विचारलं.

"बोल्ट."

"राहिला?"

हो म्हणून सुटता आलं असतं. "राहिला नाही," ती म्हणाली. "ठेवला. आणि तुमच्याकडे?"

त्याचे कान लाल झाले. "ठेवला. चहानंतर काढणार होतो. कामावर दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मीच त्याला हाकलला असता."

"का ठेवला?" जन्मभर लोकांना विचारलेला प्रश्न या वेळी तिच्या ओठांवर थोडा अडखळला.

"संपवायचं नव्हतं." त्याने पाना खाली ठेवला. "मला तुम्ही आवडता. चार रविवार हेच सांगायचं होतं. पण सगळं एकटीने करायला निघालेल्या माणसाला मध्येच हे काय सांगणार…"

"टप एकटीने काढायचा होता," ती म्हणाली. "बाकी सगळं एकटीने करायचंय, असं कधी म्हणाले मी?"

तो एकदम हसला. तिलाही हसू आवरेना, आणि डोळे मात्र भरून आले होते.

"मी हँडल धरून उभा आहे," बाबा म्हणाले. "माझ्या कमरेचं तेवढं कुणीतरी बघा."

आधी दोर सैल केले. मग तिने तिचा बोल्ट काढला, त्याने त्याचा. या वेळी दोघांनी एकमेकांच्या बाजूचे चारही मोजून पाहिले. हँडल तिने फिरवलं. टप जरासा कुरकुरला, मग सुटला आणि चारही कोपऱ्यांनी सारखाच वर जात छताला जाऊन राहिला. किती तरी महिन्यांनी जीपमध्ये मोकळा उजेड पडला. बाबांनी पुढच्या सीटवर बसून पाहिलं आणि मग ते उतरायचं नावच काढेनात.

तो पाने पुसून एकेक पिशवीत भरू लागला. सावकाश, अगदी नको तितक्या सावकाश.

"पुढच्या रविवारी काय काम काढू?" त्याने खाली बघत विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पिशवी घरी ठेवा आणि नुसते या."