वच्छलाचे पांढरे मणी

भर दुपारी वच्छला धावत अंगणात आली, तेव्हा तिच्या मंगळसूत्राचे सोन्याचे मणी राखेसारखे पांढरे पडले होते. सकाळी ते पिवळे होते. अचलपूरच्या अर्ध्या माळीपुऱ्यानं पाहिले होते.

"डोया लागला होता माहा. गळ्याले थंडगार बोटं लागली," ती म्हणाली.

"सहदेव आला होता," नुकतीच मळ्यातून आलेली सासू पार्बताबाई म्हणाली. "मेलेल्याचा हात लागला, पोरी. आता तरी बांगड्या फोड."

वच्छलाचा नवरा सहदेव जाऊन तीन दिवस झाले होते. देह मात्र कुणी पाहिला नव्हता. मळा बायकोवर टाकून तो दहा वर्षं पाऱ्याचं सोनं करत बसला होता. नागार्जुन डोंगराचं सोनं करायला निघाला होता, व्याडी अंगाला तेल चोळून बायकोसकट आभाळात उडाला, असल्या जुन्या किमयागारांच्या कथा तो वांग्याच्या गिऱ्हाइकालाही ऐकवी. शेवटी दर्यापूरच्या उत्तमरावांनी पाऱ्यात 'बीज' म्हणून घालायला आपल्या घरातलं सगळं सोनं त्याच्या हवाली केलं. सोमवारी भट्टी धडाडली. लोक आतली कडी तोडून शिरले, तर गरम राख, जळकं धोतर आणि जमिनीवर थरथरणारे पाऱ्याचे थेंब. सोनं नाही, सहदेवही नाही.

देह वाफ झाला, असं पुऱ्यानं ठरवलं. थंड भट्टीतून त्याचा खोकला येतो, असं सांगणारे चाळीस होते. ऐकलेला एकही सापडला नाही. पण त्या दारावरून जाताना चाळीसही जण पाय उचलून चालत.

ठाणेदार केशवराव आले. वच्छलानं एकच विचारलं, "सायेब, सांजच्याले बाया येऊन राहिल्या बांगड्या फोडाले. मी सवाष्ण आहो का नाई, तेवढं सांगा."

केशवराव भट्टीच्या खोलीत गेले. छताची कौलं काजळीनं काळीकुट्ट. दोन मात्र लाल, कोरी. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चुलीपाशी पार्बताबाई बसली होती, चुलीवरून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

"दुपारी कुठं होत्या, बाई?"

"मळ्यात. कांद्याच्या चाळीत."

"सून काय जेवली?"

"शेजारच्यांची कोरडी भाकर."

"बांगड्यांची एवढी घाई काहून?"

"त्याचा जीव तिच्यात अटकला, सायेब. रोज येईन तो."

सांजेला बाया जमल्या. पार्बताबाईनं सुनेचा हात पाट्यावर धरला, वरवंटा उचलला.

"ठेवा तो खाली," केशवराव म्हणाले. "पाऱ्यानं माखलेली बोटं सोन्याले लागली, का सोनं पांढरं पडते. कोणत्याही सोनाराले विचारा. भुताच्या बोटाले पारा कुठून येईन? तो आला होता मंगळसूत्र काढाले. ही जागी झाली, तो पळाला."

"खोली तर आतून बंद होती," कुणीतरी म्हणालं.

"छतातून निघाला. पायाखाली दोन कवेलू फुटले, ते मागून कोणीतरी नवे बसवले. अन् पार्बताबाई, सुतकाच्या घरात फोडणी देत नाईत. सून कोरडी भाकर खाते, मग लसूण कोणासाठी? सुतक नाई, हे या घरात तुमाले एकटीलेच माहीत होतं. व्याडी बायकोले घेऊन तरी उडाला, बाई. तुमचा एकटाच उडाला, तोही चाळीपर्यंत."

शिपायानं कांद्याच्या चाळीतून सहदेवला ओढत अंगणात आणलं. काखेत उत्तमरावांच्या सोन्याचं गाठोडं, मिशीला वरण.

पार्बताबाई खाली बसली. "सोनं काई बनलं नाई, अन् हातचं परत देववेना. उत्तमरावानं जित्ता सोडला नसता त्याले. बांगड्या फुटल्या असत्या, म्हणजे मेला हे पटलं असतं."

"मले सांगतलं असतं, तर मीच लपवलं असतं," वच्छला म्हणाली.

सहदेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

केशवरावांनी कागद काढला. "सहदेव जिवंत सापडला, असं लिहितो."

"तुमच्या कागदात जित्ता लिवा, सायेब," वच्छला म्हणाली. "मी तीन दिवस रडली. आता दुसऱ्यांदा रडाची नाई."