हरियाच्या नावाचा घास

दिग्रसच्या स्टँडवर मी खिडकीतून ओढणी टाकून सीट धरली, आणि गर्दीतून आत पोचते तो ओढणीवर एक निळा रुमाल. रुमालाचा मालक शेजारी उभा, अगदी सभ्य चेहरा करून.

"रुमाल पह्यले पडला," तो म्हणाला.

"मग तो ओढणीच्या खाली असता."

त्याने वाकून पुन्हा एकदा नीट पाहिलं... आणि हसला. खिडकी मला मिळाली, शेजार त्याला. वीज कंपनीत लाईनमन होता, नाव राजकुमार. आजोबांचा तांडा शोधायला निघाला होता. यवतमाळला वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी लोकांची मुळं फुकटात शोधून देतात असं त्याला कळलं होतं. फक्त तिथली बाई फार कडक आहे म्हणे.

ती बाई मीच, असं मी सांगितल्यावर तो आर्णी येईपर्यंत रुमालाच्या घड्या घालत बसला. मग त्याने आडनाव विचारलं. मी राठोड, आणि तोही राठोड.

आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, समाजात एवढं पुरतं. एका गोताचे म्हणजे भाऊ-बहीण, पुढचा विचारच करायचा नाही. आम्ही दोघं निर्धास्त झालो आणि तिथेच फसलो. परक्या मुलाशी जपून बोलले असते, भावाशी काय जपायचं?

ती खोली मी आणि यज्ञेश्वर काका चालवतो. काका यवतमाळचे, जन्म कचेरीत गेला, आता लोकांचे पणजोबा शोधतात. नियम दोनच. एकमेकांना कधी न भेटलेले दोन साक्षीदार तेच सांगत नाहीत तोवर आम्ही कुणाला 'हो' म्हणत नाही. आणि ज्यात आपला जीव गुंतलाय, ते काम आपण करायचं नाही.

राजकुमारकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. आजोबा देवसिंग कापसाच्या एका जिनिंगमध्ये मजुरीला आले आणि तिथेच वारले. वडील, उत्तमसिंग, तेव्हा लहान होते. दिवाळीला आमच्यात निखाऱ्यांवर पितरांच्या नावाने घास टाकतात, त्याला धबुकार म्हणतात. त्या वेळी घ्यायची नावं तेवढी आजोबांनी पोराकडून पाठ करून घेतली होती. जेता, सोमला, गेमा, हरिया.

या चार नावांवर आम्ही राठोडांचे तांडे पालथे घातले. कधी एसटीने, कधी त्याच्या गाडीवर. गेमा पुष्कळ सापडले, सोमलाही. हरिया मात्र कुठेच नाही. राजकुमार मला मुद्दाम 'ताई' म्हणायचा, तेही मी चिडेपर्यंत.

एका दुपारी राळेगावजवळ परतीच्या पावसाने गाठलं. सोयाबीनच्या शेतातल्या टिनाच्या शेडखाली आम्ही उभे होतो. माझ्या चष्म्यावरचं पाणी त्याने त्या निळ्या रुमालाने पुसलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या, ता—"

पुढचं अक्षर आलंच नाही. तो पावसाकडे बघत राहिला, मी चष्म्याकडे. मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि ते असं लख्ख कळल्यावर मला रडू आलं.

पुढच्या रविवारी काकांनी वेगळीच शंका काढली. हरिया राठोडांत नाहीच, तर हे घर राठोडांचं कशावरून? एखाद्या राठोड नायकाबरोबर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाबरोबर, मजुरांची टोळी आली असेल, मुकादमाने सगळ्यांना नायकाचंच आडनाव लावलं असेल. माझं काळीज असं उडालं की मीच घाबरले. मला उत्तर हवं होतं, आणि तेही माझ्या सोयीचं हवं होतं. आता मी कुणाच्याही तोंडी ते घातलं असतं. मी काम तिथल्या तिथे काकांकडे सोपवलं. राजकुमारला मात्र स्पष्ट सांगितलं, की तो राठोडच निघाला तर भाऊबीजेला मी त्याला खरोखर ओवाळीन.

"आन् नाई निघालो तर?"

"तर तेव्हा बघू."

त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "लय कडक हाये तुमी. लोक बरोबर सांगत होते."

काकांनी आता दुसऱ्या गोतांच्या तांड्यांवर चौकशी केली आणि आम्हाला केळापूरजवळच्या एका तांड्यावर धावजी नावाच्या म्हाताऱ्याकडे नेलं. दिवाळी तोंडावर होती. आम्हा दोघांना काकांनी बाहेर ओट्यावर बसवलं, एकाला या टोकाला, एकीला त्या. आत त्यांनी राजकुमारबद्दल चकार शब्द काढला नाही. तुमच्या घरी धबुकाराला कोणाची नावं घेता, एवढंच विचारलं. म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज दारातून बाहेर आला.

"जेता... सोमला... गेमा..."

मी ओट्याची कड घट्ट धरली.

"...आन् हरिया."

राजकुमार ताडकन उभा राहिला. आत काकांनी शांतपणे विचारलं, हरिया कोणाचा मुलगा. धावजी हसायलाच लागले.

"हरिया मानूस नोहता, बापू. आमच्या लदेनीत धान्य वाहनाऱ्या बैलायतला म्होरचा बैल होता थो. पुरात अख्खा तांडा वाचवला त्यानं. आमच्या चव्हाणाच्या घराबिगर त्याले कोनी घास टाकत नाई."

मग काकांनी देवसिंगचं नाव काढलं, तर तो धावजींचा चुलतभाऊ निघाला. राठोड नायकाच्या टोळीबरोबर जिनिंगला गेला तो परत आलाच नाही. राजकुमारने आत जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि धावजींनी किती तरी वेळ त्याला उठूच दिलं नाही.

निघताना आम्ही बसची वाट बघत फाट्यावर थांबलो. काका चार पावलं पुढे, कापूस वेचणाऱ्या बायांकडे टक लावून.

"इतके दिवस मी बैलाले पणजोबा समजून राह्यलो," राजकुमार म्हणाला. मग हळूच, "भाऊबीजेले ओवाळणार होती ना तू?"

"चव्हाणांना मी ओवाळत नाही."

"मंग दोन साक्षीदार लागतात ना तुमच्याकडं? एक मी. तू मले आवडते, प्रेरणा. रुमाल टाकला तवापासून." त्याचे कान लाल झाले होते. "दुसरी साक्ष... माह्याजवळ नाई."

लांबून एसटीचा आवाज आला.

"काका," मी म्हटलं, "लिहून घ्या. दोन्ही साक्षी जुळतात."

काकांनी मान न वळवताच खिशातून पेन काढलं.