पाठीवरचा पांढरा पंजा

“नको! पुन्हा धरेल तो मला!” चिमी किंचाळली आणि उशीला बिलगली.

भिंगरीने धाकट्या बहिणीचा फ्रॉक मागून अलगद वर केला आणि ती दचकून मागे सरकली. चिमीची पाठ लालभडक झाली होती आणि त्या लालीत मधोमध एक पांढराफटक पंजा! पाच बोटं, रुंद तळवा. मोठ्या माणसाचा हात!

“गोदामातलं भूत!” चुलतभाऊ गोट्या कुजबुजला. “काल दिवसभर गोदामामागेच उन्हात पाणी उडवत होती ना ही?”

“भूत भर उन्हात येतं? त्यालाही सुट्टी लागलीय वाटतं!” भिंगरी म्हणाली. चिमी तापाने फणफणली होती आणि पाठीला कुणाला हात लावू देत नव्हती.

दोघं बंद गोदामामागे गेली. भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. दोरीवर चिमीने काल घातलेला पांढरा सदरा तेवढा वाळत होता. मुलांच्या उद्याच्या सामन्यांसाठी काकांनी शिवलेल्या चाळीस सदऱ्यांपैकीच एक. वारा सुटला, सदरा फुगला, सूर्य त्याच्यामागे आला आणि पाठीत एक काळा हात उमटला!

गोट्याने धूम ठोकली. भिंगरीने मात्र चिमीचं रडणं आठवून सदरा ओढलाच. पाठीच्या दोन पातळ थरांमध्ये काहीतरी जाड लागलं. तिने दातांनी टाके उसवले. आतून हातमोज्यासाठी कापलेला पाच बोटांचा तुकडा निघाला.

“अरे भित्र्या, परत ये! हे भूत काकांच्या कारखान्यातलं आहे!”

दोघं कारखान्यात धावली. काका हातमोजे शिवत होते. त्यांनी मानही वर केली नाही. “कापड झिरझिरीत निघालं गं. नंबर शिवला की गोळा होईल, म्हणून आत हातमोज्यांचे तुकडे घातले. उन्हाळ्यात पातळच बरं!”

“मग हात पुढे करा, काका.” भिंगरीने सदरा भिजवला आणि खिडकीतल्या उन्हात त्यांच्या तळव्यावर पसरला. तळव्यावरची रेघ न् रेघ दिसत होती!

“सगळं ऊन आत येतंय! भिजल्यावर तर आणखीच. चिमीची पाठ उन्हाने भाजलीय, हातमोज्याखालची कातडी तेवढी वाचली. उद्या चाळीस मुलं हेच घालणार ना?”

काकांचा चेहरा उतरला. ते धावत घरी आले, चिमीची पाठ पाहिली आणि तिच्याजवळ बसले.

“सदरे घट्ट विणीच्या कापडाचे शिवू. आज सगळे कारागीर बसतील,” ते म्हणाले. “पोरांनो, तुम्ही चाळीस पाठी वाचवल्यात! शाबास!” मग ते चिमीकडे वळले. “बाळा, तुला धरलं ते भुताने नाही गं. चूक माझी होती.”

चिमीने उशीतून डोकं वर काढलं.

“पुन्हा नाही ना करणार?”

“कध्धीच नाही.”

तेव्हा कुठे ती पालथी झाली आणि तिने काकांना पाठीला मलम लावू दिलं.