रांगेतली कळशी

सात वह्या आणि सातही वह्यांत एकच जांभळी शाई. इंग्रजीचा गृहपाठ आणखी एकदा चुकला, तर दहावीच्या या मुलींची हॉल तिकिटे अडवीन, असे मुख्याध्यापकांनी बजावले होते. आणि आता तो कोणीतरी परस्पर लिहून दिलेला! त्या इसमाला धरायला शिक्षिका रुद्राणी भर दुपारी, मुली रोज पाण्यासाठी जिथे ताटकळत, त्या औशाच्या टँकरपाशी गेली.

दुष्काळात रांग घागरींची लागे. ज्याची घागर, त्याचा नंबर. रांगेच्या शेवटी त्या सातजणी पालथ्या घागरींवर वह्या ठेवून, एकच पेन आळीपाळीने घेत लिहीत होत्या. पेन उद्धवचे होते. नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीतून टँकरबरोबर येणारा हा कारकून अडलेल्या शब्दाचा अर्थ तेवढा सांगत होता.

"वाक्यं त्यांचीच हायत, बाई," तो म्हणाला. "पेन तेवढं सरकारी."

रुद्राणी खजील झाली. मग तिचा राग तसाच मुख्याध्यापकांकडे वळला. गृहपाठ यापुढे टँकरपाशी तपासला जाईल, असे तिने त्यांना ऐकवले. त्यांनी शिस्तीची आठवण करून दिली.

"शिस्त रांगेत बघायला या, सर. घागर मी देते."

ते आले नाहीत. तिकिटे मात्र मुकाट्याने दिली. परीक्षेपर्यंत रुद्राणी रोज रांगेत वह्या तपासी, आणि उद्धव पाण्याची नोंदवही तिच्या डोक्यावर सावलीसारखी धरी… नोंदी मग उशिरा होत.

परीक्षा संपली. तिला तिथे जाण्याचे कारण उरले नाही, तरी ती गेली. रांगेच्या टोकाला एक नवी कोरी तांब्याची कळशी होती.

"कुणाची ही?"

"माझी."

"टँकर तुमच्या हाती… अन् तुम्ही रांगेत?"

"पाण्यासाठी न्हाई, बाई." त्याची नजर कळशीवरून हलेना. "तुमच्या घरी मागणी घालायचीय… नंबर लावून ठेवलाय."

"आमचे आप्पा लिंगायताबाहेर पोरगी देणार न्हाईत."

"मग… उचलू कळशी?"

"थांबा. ती मी उचलते."

साऱ्या रांगेदेखत रुद्राणीने ती रिकामी कळशी कमरेवर घेतली, आणि भर बाजारातून, गुरुबसप्पांच्या—तिच्या आप्पांच्या—दुकानाच्या दिशेने ती ताठ मानेने चालू लागली.