पाचवा नमुना

दोन हजार नऊचा ऑगस्ट. लग्नाला तीनच महिने झालेली दीप्ती गळ्यात आरोग्य उपकेंद्राची पिशवी अडकवून तापाच्या सर्व्हेला घरोघर हिंडत होती. गाव कोल्हापूरपासून वडापच्या जीपनं अर्ध्या तासावर, पण पुण्यातल्या फ्लूची खबर इथं पाच मिनिटांत पोचत होती. गड्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते आणि तंबाखू सोडायला दर दहा मिनिटांनी ते खाली ओढत होते. दीप्ती बघायची, बोलायची नाही. नव्या सुनेनं गप्प असावं ही रीत तिला सोयीचीच वाटे. गप्प माणसापुढं लोक जास्त बोलतात.

माजी सरपंच हंबीररावांनी तिला अंगणातच अडवलं.

"लिवा शिष्टर, समद्यास्नी बरं हाय."

आतून निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. कुणीतरी तोंडात पदर कोंबून खोकत होतं. त्यांचा मुलगा राजवीर दोन दिवसांपूर्वीच पुण्याहून येऊन गेला होता, सून निशिगंधा सातव्या महिन्यात होती, आणि आज ती कुठं दिसत नव्हती.

"सूनबाईंना एकदा बघते की."

"ती झोपलीया."

"गोळी पहिल्या दोन दिवसांत लागते, काका. मग फार उपयोग होत नाही."

"समद्यास्नी बरं हाय म्हटलं न्हवं?" हंबीररावांचा आवाज चढला. पेपरात नाव आलं तर दुधाच्या डेअरीत कुणी उभं करणार नाही, ही त्यांची खरी भीती होती. दीप्तीनं रकान्यात शून्य लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीनं एक ठिपका दिला.

गावानं स्वतःचा उपाय केव्हाच ठरवला होता. गाडा. साथ आली की लहानशा लाकडी गाड्यात मरीआईचा चुडा, लिंबं आणि दहीभात ठेवायचा आणि गाडा शिवेवर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. रोग असा शेजाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. गाडा गेला की वेस बांधायची, आणि सूर्य उगवेपर्यंत कुणी आत-बाहेर करायचं नाही.

हा गाडा ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या दीप्तीच्या सासरच्या घराकडं होतं. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि ते काम सोडलं. तरी आदल्या दिवशी हंबीरराव दारात येऊन उभे राहिले होते. "आक्काताई, मान तुमच्या घराचा हाय."

दीप्तीच्या सासूनं चुलीवरचं लक्ष काढलं नाही. "एवढा मोठा मान हाय तर तुमीच घ्या की सरपंच. आमास्नी लई जड झालाय."

शेवटी त्या सकाळी गाडा ट्रॅक्टरला बांधून नेला. मरीआईला डिझेलचा धूर कसा वाटला असेल, याचा दीप्तीला दिवसभर विचार पडला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला हंबीरराव दीप्तीच्या अंगणात आले. या वेळी रुमाल हातात होता.

"शिष्टर… सून धाप टाकतीया. व्हट निळं पडल्यात. एक विंजेक्शन मारा."

"असं इंजेक्शन माझ्याकडं नाही. ऑक्सिजन लागेल. कोल्हापूरला न्यायचं, आत्ता."

"वेस बांधलीया, पोरी. आज कुणी वलांडली तर रोग माघारी येतूय."

दीप्ती पायात चपला सरकवत होती. "रोग तुमच्या माजघरात आहे, काका. तो माघारी कुठून यायचा?" मग आत वळून म्हणाली, "अहो, गाडी काढा."

तिचा नवरा प्रसेनजीत वडापची जीप चालवायचा. तो किल्ली घेऊन उठला तेव्हा आक्काताईंनी सुनेचा हात धरला, अगदी हळू बोलल्या.

"वाटंत कुणी दिसलं तर भिऊ नगंस. अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आलती तवा तुज्या सासऱ्याच्या आज्ज्यानं, येसबानं, गाडा वडला. शिवंवर त्यालाच ताप चढला. पल्याडच्यांनी फुडं घेतला न्हाय, आपल्यांनी वेस उघडली न्हाय. मधीच ऱ्हायला त्यो."

"आत्या, तुम्ही असलं मानता?"

"मानत न्हाय," आक्काताई म्हणाल्या. "ठावं हाय."

वेशीवर दोरी बांधून चारपाच माणसं बसली होती. प्रसेनजीतनं हॉर्न वाजवला. कुणी उठेना. मग मागच्या बाकावर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या हंबीररावांनी स्वतःच बाहेर तोंड काढलं आणि अशी एक शिवी हासडली, की दोरी आपोआप सुटल्यासारखी झाली.

पुढं नुसता ऊस. दोन्हीकडून पुरुषभर वर चढलेला, मधे ओल्या मातीची वाट. उजेड विझत आला होता. निशिगंधाचा प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि दीप्ती तो घड्याळावर मोजत होती. मिनिटाला चाळीस. थोड्या वेळानं चव्वेचाळीस.

मग दुसरा एक आवाज आला.

कर्र… कर्र… कोरड्या लाकडाचा. आणि वास. आंबलेला दहीभात, ओला लिंबाचा पाला, आणि त्याखाली ताप चढलेल्या अंगाचा तो कढत, कुबट वास, जो दहा दिवस घरोघर घेऊन दीप्तीच्या नाकात बसला होता.

प्रसेनजीतनं ब्रेक दाबला. जीप बंद पडली.

वाटेच्या मधोमध गाडा उभा होता. शिवेवर सोडलेला, तो अर्धा मैल आत आला होता आणि त्याचं तोंड गावाकडं होतं.

"मी उतरतो," प्रसेनजीत म्हणाला.

"तुम्ही गाडी चालू करा. ताप बघायचं काम माझं."

तिनं मास्क वर ओढला आणि बॅटरी घेऊन खाली उतरली. गाड्यापुढं एक माणूस वाकून उभा होता. कमरेला फडकं, खांद्यावर घोंगडीचा तुकडा. दोरी खांद्यात इतकी रुतली होती की कुठं दोरी संपते आणि कुठं कातडं सुरू होतं, ते कळत नव्हतं. त्यानं मान वर केली नाही.

"जोहार…"

घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. पाटलापुढं वाकून घालायचा तो नमस्कार दीप्तीनं फक्त म्हाताऱ्यांच्या गोष्टींत ऐकला होता. तो शब्द ऐकून भीतीच्याही आधी तिला राग आला.

"जय भीम," ती म्हणाली.

माणूस थबकला. हा शब्द त्यानं कधी ऐकला नसावा. ओठांतल्या ओठांत तो त्यानं एकदा घोळवून पाहिला.

"बाबा, ताप कधीपासून आहे?" दहा दिवसांच्या सवयीनं तिचं तोंड आपोआपच विचारून गेलं.

"मानमोडी हाय… शिवू नगा."

तिनं कपाळावर हात ठेवला. तव्यासारखं भाजत होतं. त्या स्पर्शानं तो दचकला. भुताला भ्यावं ते तिनं, पण भ्यालेला तो दिसला.

"सोडू का?" त्यानं विचारलं. "पाटील सांगत्यात तवा सोडायचा… कवाधरनं वाट बघतूय…"

दीप्तीनं जीपकडं पाहिलं. काचेआड त्याच पाटलांच्या घराण्यातले हंबीरराव डोळे मिटून बसले होते. आतून शिट्टी येत होती, आता तुटक तुटक. त्यांच्या होकारासाठी थांबायला वेळ नव्हता. आणि वेळ असता तरी ती थांबली नसती.

"कुणाला विचारायचं नाही. सोडा."

"मग… गाव?"

"गावाचं आम्ही बघतो. माझ्याकडं गोळ्या आहेत."

तिनं दोन्ही हातांनी दोरी धरली आणि त्याच्या खांद्यावरून उपसून काढली. दोरी ओली होती. सहज निघाली नाही. निघाली तेव्हा गाडा एका बाजूला कलला आणि चरात जाऊन पडला. मागं जीप घुरघुरून सुरू झाली.

वाट मोकळी होती. माणूस तसाच उभा, आता हातांचं काय करावं हे न कळून.

"बसा मागं," दीप्ती म्हणाली. "जागा आहे."

ती पुढं येऊन बसली. मागं वळून बघितलं नाही. पण वडापवाल्याला मागच्या फळीवर पॅसेंजर चढला की न बघताही कळतं. जीप मागं किंचित दबली. प्रसेनजीतनं आरशाला हात लावला आणि तो अलगद छताकडं फिरवून ठेवला.

कोल्हापुरात निशिगंधाला ऑक्सिजन लागला, गोळ्या सुरू झाल्या. सोबत आलेल्या सगळ्यांच्या घशातले नमुने घेऊन पुण्याला धाडले. चौथ्या दिवशी ताप उतरला, बाळाचे ठोके ठीक लागले, आणि हंबीररावांनी वॉर्डाबाहेर, चार लोकांसमोर, दीप्तीला हात जोडले.

त्याच संध्याकाळी, ती घरी परतल्यावर, दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला.

"सिस्टर, तुमच्या गाडीतले पाचपैकी दोन पॉझिटिव्ह. निशिगंधा, आणि तो पाचवा."

"मॅडम, आम्ही चौघं होतो. ती, तिचे सासरे, आम्ही दोघं."

"पाच नमुने आहेत, माझ्यापुढं कागद आहे. पुरुष, वय अंदाजे तीस. नाव सांगितलं नाही, गाव तुमचंच लावलंय. आमच्या नर्सला चांगला आठवतोय. तहानेनं कासावीस होता, पण ग्लास हातात घेईना. ओंजळ करून बसला, म्हणे वरनं वता. ती म्हणाली, ग्लास घ्या दादा, इथं कुणी वरनं ओतत नाही. तेव्हा घेतला, आणि रडायला लागला. मग कुठं गेला, कळलं नाही. फॉलोअप तुमच्याकडं."

दीप्तीनं फोन ठेवला. आक्काताईंनी सगळं ऐकलं होतं.

"यादीत नाव हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग गोळ्या देऊन ये की. आता कुणाच्या बापाला इचारायचं?"

दीप्तीनं दहा गोळ्यांची पट्टी शिवेच्या दगडावर नेऊन ठेवली. रोज सकाळी जाऊन बघितली. रोज दोन कमी. सकाळची एक, संध्याकाळची एक, चुकली नाही. पाच दिवसांत पट्टी रिकामी झाली.

सहाव्या दिवशी ती पट्टी उचलायला गेली. वारा नव्हता, तरी ऊस हलत होता. दगडापुढच्या चिखलात अनवाणी पावलांचे ठसे होते, एकामागं एक. फताडी पावलं, बायकांची अरुंद पावलं, मधेच एका लेकराची. साऱ्यांची बोटं गावाकडं. रांगच होती ती, उपकेंद्राबाहेर लागते तशी, आणि पलीकडच्या गावाच्या वाटेनं उसात दूरवर गेलेली. दीप्ती मोजू लागली. साठाच्या पुढं वळण आलं. वळणापलीकडं रांग होतीच, येसबासारखीच मधे राहिलेल्यांची.

परत पळावंसं वाटलं. मग तिनं पिशवीतून रजिस्टर काढलं, कोरं पान उघडलं आणि मान वर न करता विचारलं,

"पहिलं कोण?"

तिच्या पायाशी असलेल्या पहिल्या दोन ठशांत पाणी अजून भरत होतं.